होळीचा रस्ता आणि वाड्यांतली बावखले

वसई-विरारचा जो विकास आराखडा सिडकोने तयार केला आणि शासनाने फेब्रुवारी 2007 मध्ये मंजूर केला, तो 2001 ते 2021 या वीस वर्षांसाठी होता. म्हणजे मंजुरीची मोहोर उठण्यापूर्वीच त्याच्या विहित कालातील सहा वर्षे सरून गेली होती, आणि ज्या लोकसंख्येचा अंदाज बांधून तो काढला गेला ती लोकसंख्या तोवर रेल्वेच्या डब्यांतून येऊन, मिळेल तेथे बिऱ्हाड थाटून, स्थिरस्थावरही झाली होती. आता त्या आराखड्याची मुदत उलटली आहे, सुधारित आराखड्याची चर्चा वसईत गेली काही वर्षे चालू आहे, आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन आहे असा प्रत्येक खातेदार एकच गोष्ट विचारीत आहे, की नव्या नकाशावरची रेघ आपल्या अंगणातून जाणार की शेजाऱ्याच्या. वसईतल्या होळी या वस्तीच्या बाजारात ही विचारणा अधिक व्याकुळ होते. तेथे रस्ता अरुंद, दुकाने रस्त्याला टेकलेली, दुकानांमागे कौलारू घरे आणि घरांमागे वाड्या. त्यामुळे रस्ता रुंद करावा की न करावा याचा निर्णय दुकानाच्या फळीपाशी थांबत नाही, तो पार वाडीतल्या शेवटच्या केळीपर्यंत जाऊन पोचतो.

या विषयावर दोन माणसांचा वाद मी पुष्कळ दिवस ऐकत आलो आहे. त्यांतील एक पिढीजात वाडीवाले असून त्यांचे वय सत्तरीच्या पलीकडे आहे. केळी, पानवेल आणि फुले यांवर त्यांचा प्रपंच झाला, आणि वसईचा भाजीपाला घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्यांच्या शेवटच्या पिढीतले ते एक. दुसऱ्या बाई नगररचनेच्या सरकारी कचेरीत आरेखक होत्या; गिरगावातल्या चाळीत वाढल्या, नव्वदीच्या दशकात स्टेशनच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर घर घेऊन वसईकर झाल्या आणि निवृत्तीनंतर होळीच्या बाजारात भाजी घ्यायला येता येता या वाडीच्या ओट्यावर बसू लागल्या. त्या वयाने लहान असूनही ते त्यांना ताई म्हणतात, आणि त्या त्यांना भाऊ. दोघांचे बोलणे मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत मांडतो. जेथे मला स्वतःला राहवत नाही तेथे माझेही मत येईल.

"ताई," भाऊ म्हणाले, "तुमचे लोक रस्ता म्हणतात आणि आम्हांला इमारत ऐकू येते. आधी फीत घेऊन माणसे येतात, मग भिंतीवर तांबडी खूण होते, मग दुकानाची पुढची पडवी जाते, आणि डांबर वाळले न वाळले तोच मागच्या वाडीसाठी दलाल दारात उभा राहतो. आमच्या आजोबांच्या वेळी बैलगाडी जात होती, बापाच्या वेळी एसटी जाऊ लागली, माझ्या वेळी रिक्षा आणि टेम्पो आले. रस्ता तोच होता आणि माणसे बाजार करून वेळेवर घरी पोचत होती."

"तुम्हांला जे ऐकू येते ते चूक नाही," ताई म्हणाल्या. आणि प्रतिपक्षाच्या मुद्द्यातले खरे तेवढे आधी मान्य करून मग उत्तराला लागण्याची ही त्यांची रीत मला फार आवडते. "डिसेंबर 2020 मध्ये राज्यासाठी जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यात चटईक्षेत्राचे माप रस्त्याच्या रुंदीला बांधलेले आहे. दाट गावठाणाबाहेर नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला 1.10 एवढाच निर्देशांक मिळतो; तोच रस्ता नऊ मीटरचा झाला की सरकारात अधिमूल्य भरून आणि दुसऱ्या जागेचे विकासहक्क विकत घेऊन तो 2 पर्यंत नेता येतो, आणि पुढे रस्ता जसा वाढेल तसा तो चढत जातो. यात तत्त्वतः काही गैर नाही, भाऊ. जेथे अधिक कुटुंबे राहावयाची तेथे अग्निशामक बंब आत शिरला पाहिजे, रुग्णवाहिका वळली पाहिजे, सांडपाण्याची नळी रस्त्याखालून गेली पाहिजे. रस्ता नाही तर घर नाही, हा नियम माणसाच्या जिवासाठी आहे."

"नियम जिवासाठी असेल, पण तो उलटाही वाचता येतो ना? घरे हवीत म्हणून रस्ता, असे तुम्ही म्हणता. चटईक्षेत्र हवे म्हणून रस्ता, असे म्हणणाराही तोच नियम पुढे करतो. मग होळीचा रस्ता कोणासाठी रुंद व्हायचा आहे, हे नकाशा पाहून मला कसे कळणार?"

यावर ताई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मला वाटते, या साऱ्या वादाचे मर्म भाऊंच्या या प्रश्नात आहे. घरबांधणी आणि रस्तेसुधारणा ही आपण दोन निराळी खाती समजतो. एकाचे टेबल एकीकडे, दुसऱ्याचे दुसरीकडे, आणि हरकती घेणारा नागरिक एकदा या दालनात तर एकदा त्या दालनात. वस्तुतः रस्त्याची रुंदी हीच घरांच्या उंचीची किल्ली आहे, आणि जो रस्त्याच्या रेषेला संमती देतो तो त्या रेषेच्या दोन्ही अंगांना पुढे जे काही उभे राहील त्यालाही नकळत संमती देत असतो. ही गोष्ट सुनावणीच्या नोटिशीत स्पष्ट लिहिली जावी, एवढी तरी अपेक्षा करावयास हरकत नसावी.

ताईंनी नंतर आपल्या घराण्याची हकीकत सांगितली. मुंबईत 1896 साली ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ आली, माणसे पटापट मेली, आणि त्यानंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कोंदट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे सरळ रुंद रस्ते कापले, जेणेकरून समुद्राचा वारा शहराच्या पोटात शिरावा. "माझ्या पणजोबांचे बिऱ्हाड त्या रस्त्यात गेले. किती दिवस कुटुंब नातलगांकडे राहिले ते घरात कोणाला सांगवत नसे. पण आजोबांना नंतर ज्या चाळीत खोली मिळाली तिला खिडकी होती, आणि त्या खिडकीसमोर तोच रुंद रस्ता होता. रस्त्याने आम्हांला उठवले आणि रस्त्यानेच उजेड दिला. मी कोणते एक धरू? पुढे भाडी गोठली, कोणी भाड्यासाठी नवी घरे बांधीना, दोन खोल्यांत आम्ही आठ माणसे झालो, आणि भावांची लग्ने झाली तेव्हा मी इकडे आले. वसईत घर झाले नसते तर मी आज कोठे असते? तुम्ही वाडी राखता हे मला दिसते, भाऊ. पण मुंबईने बाहेर लोटलेली माणसे राहणार कोठे, याचे उत्तर वाडीच्या कुंपणाआडून देता येणार नाही."

"मी कोणाला येऊ नको म्हटले नाही," भाऊ म्हणाले. "तुम्ही आलात, तुमच्यामागून लाखो आले, 2011 च्या शिरगणतीत या महापालिकेची माणसे 12 लाखांवर गेली. त्यांना पाणी कोणी दिले? आमच्या विहिरींनी दिले. टँकर रात्रंदिवस उपसत होते, आणि खालचे गोडे पाणी संपून विहिरींना खारे पाणी लागू लागले तेव्हा फादर दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीचे लोक रस्त्यावर आले. आम्ही घरांच्या विरुद्ध आहोत असा बोभाटा तेव्हाही झाला. आम्ही पाण्याच्या बाजूचे होतो."

"आता सूर्या प्रकल्पाचे पाणी आले आहे. पूर्वीच्या योजनांचे दिवसाला 23 कोटी लिटर होते, त्यात नव्या योजनेतले वसई-विरारच्या वाट्याचे 18 कोटी 50 लाख लिटर. टँकरचा तो काळ आता राहिलेला नाही."

"आणि ते सूर्येचे पाणी कोणाचे? धामणीचे धरण डहाणू-विक्रमगडकडच्या आदिवासींच्या शेतीसाठी बांधले होते. आमच्या विहिरी आटल्या म्हणून त्यांच्या पाटाला हात घातला. ताई, जेथे जेथे नळ सोडाल तेथे तेथे मागे कोणाचे तरी शेत आहे. निदान जे पाणी आमच्या दारात आकाशातून पडते ते तरी जिरू द्या."

असे म्हणून ते आम्हांला मागे वाडीत घेऊन गेले, आणि येथे मला थोडे थांबून बावखलाविषयी सांगितले पाहिजे. कारण वसईबाहेरच्या वाचकाने ते पाहिलेले नसते आणि नगररचनेच्या नकाशावर त्याला स्वतंत्र रंग नसतो. बावखल म्हणजे वाडीच्या मध्यभागी वा सखल कोपऱ्यात पूर्वजांनी खणून ठेवलेला, काठ उतरते असलेला, विहिरीहून पसरट आणि तळ्याहून लहान असा जलाशय. पावसाळ्यात वाडीचे आणि आजूबाजूच्या चार घरांचे पाणी त्यात उतरते. वसईच्या रेतीमिश्रित जमिनीतून ते हळूहळू खाली झिरपते आणि समुद्राकडून आत सरकू पाहणाऱ्या खाऱ्या पाण्याला गोड्या पाण्याच्या दाबाने मागे रेटून धरते. पूर्वी त्यावर रहाट असत, नंतर पंप आले. उन्हाळ्यात तळाशी साचलेला काळा गाळ काढून केळीच्या बुंध्याशी घातला, की वर्षभर दुसऱ्या खताची फारशी गरज पडत नसे. भाऊंच्या बावखलाच्या एका काठाला माड, दुसऱ्याला पोफळी, पाण्यावर शेवाळाचा हिरवा थर. आणि उतरत्या काठावर चिऱ्याच्या पाच पायऱ्या, ज्यांतील खालच्या दोन पायऱ्या वर्षातून कधीतरी, मे महिन्यातच, उघड्या पडतात. शेजारच्या वाडीतही असेच एक होते. तेथे आता पेव्हर ब्लॉकचे वाहनतळ आहे आणि त्याच्या कडेने उभी राहिलेली भिंत पहिल्याच पावसाळ्यात आतल्या ओलीने फुगली आहे.

"सातबाऱ्यावर हे कसे लागले आहे?" ताईंनी विचारले. त्यांचा हा प्रश्न ऐकून मला त्यांच्या कचेरीतल्या तीस-बत्तीस वर्षांचे मोल कळले.

"जिरायत-बागायतीतच धरले आहे. कोठे पोटखराबा म्हणून लागते, कोठे लागतच नाही. आजोबांच्या वेळच्या मोजणीत आकार दाखवला होता, पुढच्या फाळणीत तोही गेला."

"म्हणजे तलाव म्हणून नोंद नाही. मग माझ्यासारखी आरेखक नकाशा काढायला बसली, की या जागी तिला पिवळा रंग भरण्यास कोणी अडवणार नाही. पिवळा म्हणजे निवासी. आम्ही ट्रेसिंग कापडावर शाईने रेघा मारीत होतो, अमोनियाच्या वाफेवर प्रती निघत आणि त्या वासाने डोळे चुरचुरत. साहेब सांगत, की मोजणीच्या नकाशात जे आहे तेच घ्या. मोजणीत जे नाही ते आमच्या दृष्टीने जमिनीवरही नसे. हा दोष कोणा एकाचा नाही, पण दोष आहे हे मी मान्य करते."

जुलै 2018 चा पाऊस वसईकर विसरले नाहीत. विरार-नालासोपाऱ्याच्या दरम्यान रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या, वीज गेली, मिठागरावरची कुटुंबे पाण्याने वेढली गेली, आणि पाऊस थांबल्यानंतरही कित्येक वसाहतींतले पाणी दिवसच्या दिवस हलले नाही. तुंगारेश्वराच्या डोंगरावरून उतरणारे पाणी पश्चिमेच्या खाडीकडे जावयाचे. वाटेत रेल्वेचा आडवा बांध, त्याखालच्या मोजक्या मोऱ्या, मोऱ्यांपुढे भराव घातलेल्या खाजणजमिनी, आणि भरतीच्या वेळी खाडीही ते घेण्यास नाखूश. त्या आपत्तीनंतर महापालिकेने नीरी आणि मुंबईची आयआयटी यांच्याकडून कारणांचा शोध घेवविला, तेव्हा सुचविलेल्या उपायांत धारण तलाव, म्हणजे अतिवृष्टीचे पाणी काही काळ अडवून धरणारी तळी, हा एक प्रमुख उपाय होता.

भाऊंनी तोच धागा उचलला. "विद्वानांनी सांगितले तळी करा. आमच्या पूर्वजांनी ती न सांगता केली होती, आणि सरकारला त्यासाठी दमडीही पडली नव्हती. एकीकडे निविदा काढून तळे खणायचे आणि दुसरीकडे बांधकामाची परवानगी देऊन तळे बुजवायचे, हे एकाच कचेरीतून कसे होते?"

"माझ्या इमारतीच्या तळमजल्यावर त्या वेळी गुडघ्याच्या वर पाणी होते," ताई हळूच म्हणाल्या. "तळमजल्यावरच्या म्हातारीला आम्ही खुर्चीत बसवून वर आणले. माझी इमारत पूर्वी भातशेत होती, हे मला घर घेताना ठाऊक होते. ते शेत पाणी धरीत होते, हे मात्र त्या दिवशी कळले. पण भाऊ, एवढ्यावरून घरेच नकोत असा निष्कर्ष काढाल तर त्याचे फळ काय होते तेही पाहा. आराखड्यात माणसाला परवडेल असे घर नसले, की माणूस घरावाचून राहत नाही. तो बेकायदा घर विकत घेतो. नालासोपाऱ्याला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी आयुष्याची पुंजी घालून त्यांत घरे घेतली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2025 च्या आरंभापर्यंत त्या पाडल्या गेल्या तेव्हा अडीच हजारांच्या घरात कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारच्या विजय नगरात चार मजली अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून 17 माणसे गेली. ही माणसे दुष्ट नव्हती, भाबडीही नव्हती. त्यांच्या मिळकतीला बसणारे दुसरे घर त्यांना कोणी दाखवले नव्हते. ज्या शहरात कायद्याचे घर महाग आणि बेकायदा घर स्वस्त, त्या शहरात नकाशावरचा हिरवा रंग किती दिवस टिकेल?"

हे बोलताना त्यांचा आवाज चढला होता. भाऊ उत्तर देण्याच्या घाईत दिसले नाहीत, ते म्हणाले, "किल्ल्यात जाऊन या. फिरंग्यांनी 1534 च्या तहाने वसई घेतली आणि तटाच्या आत रस्ते, चौक, चर्चे, मठ आखून राजधानीसारखे शहर वसवले. आज तेथे झाडे भिंतींतून उगवली आहेत. तटाबाहेर ज्यांना कोणी आखले नाही त्या वाड्या मात्र नांदत राहिल्या. आखलेले शहर टिकतेच असे नाही."

"ते शहर आखणीने मेले नाही, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ते जिंकले आणि पुढे त्याचे कारणच उरले नाही. आणि वाड्या आखलेल्या नव्हत्या असे का म्हणता? पाणी कोठे उतरावे, वहिवाटेची पायवाट कोणाच्या बांधावरून जावी, बावखल कोणाच्या किती उपयोगाचे, हे सारे ठरलेलेच होते. तीही नगररचनाच, फक्त कागदावर नव्हती."

मला या ठिकाणी ताईंचे म्हणणे अधिक पटते. वाडीला आपण निसर्ग समजतो आणि इमारतीला कृत्रिम. वस्तुतः वसईची वाडी ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाने घडविलेली, मापात बसविलेली रचना आहे, आणि तिचे समर्थन हिरवाईच्या ममतेपेक्षा रचनेच्या गुणावर केले तरच ते सुनावणीत टिकेल.

ताईंनी मग पॅट्रिक गेडीस यांचे नाव काढले. हे स्कॉटिश विद्वान 1914 साली हिंदुस्थानात आले, मुंबई इलाख्यातील गावांची पायी हिंडून पाहणी केली, 1915 साली अहवाल लिहिले आणि 1919 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापून काढण्याच्या तत्कालीन पद्धतीला त्यांचा विरोध होता. ते गल्लीगल्लीतून फिरत, कोणते घर मोडकळीस आले आहे आणि कोणते धडधाकट आहे हे पाहत, अगदी थोडी घरे काढून तेथे चौक वा फिरायला जागा मोकळी करीत आणि बाकीचे गाव राखीत. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवू पाहणाऱ्या आरोग्यखात्यालाही त्यांनी सांगितले, की तलाव स्वच्छ ठेवा, त्यांत मासे सोडा, पण बुजवू नका. "आमच्या कचेरीत त्यांचा अहवाल एका जुन्या साहेबांनी स्वतःच्या खणात ठेवला होता. ते म्हणत, रस्त्याची रेघ पट्टीने मारण्यापूर्वी पायाने मारा. होळीला हेच लावून पाहू. पूर्ण लांबीचा रस्ता एकसारखा रुंद करण्याऐवजी जेथे टेम्पो अडतो ती तीन-चार वळणे मोकळी करावीत. बाजारापुरती वाहतूक एकेरी करावी. मासळी आणि भाजी विकणाऱ्या बायकांना ओटे द्यावेत म्हणजे त्या रस्त्यावर बसणार नाहीत. वळणावरचे क्रूस आणि झाडे जागच्या जागी ठेवावीत. आणि गटार आधी, डांबर नंतर."

"गटार आधी!" भाऊंना हे एकदम पटले. "रस्ता दर दोन वर्षांनी थरावर थर चढून उंच होतो आणि आमचे उंबरठे खाली जातात. पूर्वी ओट्याला तीन पायऱ्या चढून यावे लागे, आता एकच उरली आहे. रस्त्याचे पाणी घरात येते ते पावसामुळे नव्हे, डांबराच्या उंचीमुळे. जुना थर खरवडून मग नवा घाला, एवढे कोणी लिहून देईल का?"

येथवर दोघांचे जमले. मोबदल्याचा विषय निघाला तेव्हा मात्र पुन्हा फाटले. बावखल सार्वजनिक जलाशय म्हणून आरक्षित करावे आणि मालकाला हस्तांतरणीय विकासहक्काचे प्रमाणपत्र द्यावे, म्हणजे मालकाचे नुकसान नाही आणि पाणीही राहते, अशी ताईंची सूचना. भाऊ म्हणाले, की आरक्षण पडले की जमीन ना आपली ना सरकारची. दहा वर्षे ताबा घ्यायला कोणी येत नाही, मग कायद्याच्या 127 व्या कलमाखाली नोटीस द्यायची, आणि तोवर मुलगा म्हणतो हे विकून टाकू. शिवाय तो हक्क विकला जातो तो दुसऱ्या कोणाच्या इमारतीवर दोन मजले चढवण्यासाठीच ना. म्हणजे माझे तळे वाचवून मी शेजाऱ्याची हवा विकली. ताईंना हे मान्य झाले नाही. त्यांच्या मते हक्क जेथे उतरवायचा ती जागा स्टेशनजवळच्या रुंद रस्त्यांवर ठरवून दिली, तर शेजाऱ्याची हवा जाण्याचे कारण नाही. आणि मालकाला काहीच न देता त्याने पूर्वजांचा वारसा राखावा ही अपेक्षा एका पिढीपुरती चालते, पुढे चालत नाही. या बाबतीत कोणाचे बरोबर, हे मला ठरवता आलेले नाही. भाऊंच्या मुलाला बोईसरच्या कारखान्यात नोकरी आहे आणि वाडीतल्या कामाला माणूस मिळत नाही, हे मी स्वतः पाहतो.

मग हरकती ऐकणार कोण, हा प्रश्न आला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा आहे. त्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत लेखी हरकत घेता येते, आणि ती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सभासद आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. लोकनियुक्त आणि जाणकार यांनी एकत्र बसून ऐकावे, असा त्यामागचा हेतू. पण 3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि पन्नासावर गावे एकत्र करून जी महापालिका झाली, तिच्यात यावे की न यावे यावरच गावांनी आंदोलने केली, 29 गावे वगळण्याचा खटला वर्षानुवर्षे चालला, आणि जून 2020 मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. इतका दीर्घ काळ ज्या शहरात नगरसेवकच नव्हता, तेथल्या माणसाला सुनावणी हा आपला हक्क न वाटता उपकार वाटू लागतो. मला हे फार अनिष्ट वाटते. आराखडा चांगला की वाईट हे पुढची पिढी सांगेल. पण तो समजावून सांगितला गेला की नाही हे आजच पाहता येते, आणि मराठीत, वॉर्डावॉर्डांत, सर्वे नंबर लावून नकाशा टांगल्याखेरीज तो समजावून सांगितला असे म्हणता येणार नाही.

शेवटी दोघे कागद घेऊन बसले. प्रारूप प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता मसुदा करून ठेवावा, असे ताईंचे म्हणणे पडले. पहिला अर्ज दोघांच्या सहीचा: होळी आणि परिसरातील प्रत्येक बावखल सर्वे नंबर आणि हिश्शासह मोजून नकाशावर निळ्या रंगात दाखवावे, रस्त्याची रेषा नक्की करण्यापूर्वी रस्त्याची, गटाराची आणि घरांच्या उंबरठ्यांची पातळी मोजून ती नकाशाबरोबर प्रसिद्ध करावी, आणि रुंदीकरणाने कोणत्या भूखंडाचे चटईक्षेत्र किती वाढते हे त्याच पानावर छापावे. हे शेवटचे कलम ताईंनी घातले, आणि कचेरीत असताना आपण हे कधीच सुचवले नाही याची त्यांना चुटपुट लागलेली दिसली.

दुसरा अर्ज एकट्या ताईंचा आहे. दहा लाखांवरच्या शहरात 4,000 चौरस मीटर वा अधिक क्षेत्राच्या भूखंडावर वीस टक्के लहान घरे बांधण्याचा नियम असला, तरी होळीसारख्या ठिकाणी वाड्या वाटण्या होऊन इतक्या लहान झाल्या आहेत, की एकाही भूखंडाला तो लागू पडत नाही. तेव्हा एकाच विकासकाने लगतच्या जमिनी तुकड्यातुकड्यांनी घेतल्या असल्यास त्यांचे क्षेत्र एकत्र धरावे, आणि बाजारात मासळी विकणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, घरकाम करणाऱ्या माणसांना त्याच वस्तीत घर मिळावे, अशी त्यांची मागणी आहे. त्यासाठी तळमजला अधिक चार मजले आणि उद्वाहन, एवढी उंची त्यांना योग्य वाटते.

भाऊंनी तो अर्ज दोनदा वाचला. लहान घरांविषयी त्यांची हरकत नाही. उंची मात्र तळमजला अधिक दोनहून पुढे जाऊ नये, कारण त्याहून उंच इमारतीच्या खोल पायासाठी वाडीच्या अंगाला खड्डा काढला तर बावखलाचे पाणी तिकडे फुटते, हे त्यांनी शेजारच्या वाडीत पाहिले आहे. ताई म्हणाल्या, की पायाची खोली आणि मजल्यांची संख्या यांचा संबंध जमिनीच्या जातीवर आहे, ती आधी तपासून घेऊ. पावसाळ्यापूर्वी बाजारातल्या प्रत्येक भिंतीवरची 2018 च्या पाण्याची खूण फितीने मोजून तो तक्ता पहिल्या अर्जाला जोडावयाचा, हे काम त्यांनी आपसांत वाटून घेतले आहे: बाजाराची बाजू ताईंकडे, वाड्यांची भाऊंकडे. उंचीबद्दलचा मतभेद दोघांनीही तसाच ठेवला असून ताईंच्या अर्जावर भाऊंची सही नाही.